डॉलर शून्य कुणाचा?

आपल्या मंडळाच्या पावसाळी काव्यवाचनाची तालीम ज्यांनी पाहिली, त्यांना तो प्रसंग आठवत असेल. कवितांच्या मागे तीन आवाज हळू लावायचे होते: पाऊस, वारा आणि चॅपलची घंटा. बेळगावात जुलै महिन्यात पाऊस रेकॉर्डवरून लावायचा म्हणून थट्टाही भरपूर झाली. पण सभागृहाच्या खिडक्या लावून घेतल्या की खरा पाऊस हवा तेव्हा थांबत नाही आणि हवा तेव्हा ऐकूही येत नाही. म्हणून हे काम प्रथम वर्षाच्या एका मुलीनं अंगावर घेतलं.

तालमीत वाचणाऱ्यानं खूण केली. तिनं घंटा बंद करायचं बटण दाबलं. घंटा थांबली; आणि तिच्याबरोबर पाऊस आणि वाराही थांबला. कविता उघडी पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "तुझंच काहीतरी चुकलं असणार." ती काही बोलली नाही. संध्याकाळी सामान आवरताना मला म्हणाली, "दादा, तीन दिवस मी तेच तेच तपासतेय. स्पेलिंग बरोबर आहे, तारा बरोबर आहेत. मला हे जमत नाही बहुतेक. पेन ड्राइव्हवरून एकच फाइल लावू या."

तिचं काय चुकलं होतं आणि काय चुकलं नव्हतं, हे नीट सांगावं म्हणून हा लेख. कॉम्प्युटर न शिकणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गोष्ट शेवटी एका सर्वनामाची आहे.

तारांनी जोडलेले खोके

तिनं वापरलेल्या प्रोग्रॅमचं नाव 'प्युअर डेटा'. त्याला सगळे 'पीडी' म्हणतात. मिलर पकेट यांनी तो १९९६ मध्ये प्रथम लोकांसमोर आणला. तो फुकट मिळतो आणि कुणीही त्याचा कोड उघडून वाचू शकतो. त्याआधी १९८०च्या दशकात पॅरिसच्या 'इर्काम' या संगीत संशोधन संस्थेत पकेट यांनीच 'मॅक्स' हा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं नाव संगणक-संगीताचे एक आद्य पुरुष मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून ठेवलेलं आहे. पीडी हा त्या मॅक्सचाच धाकटा भाऊ.

या प्रोग्रॅममध्ये आपण ओळीखाली ओळ असा कोड लिहीत नाही. पडद्यावर खोके मांडायचे आणि एकाच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत तार ओढायची. वरून खाली माहिती वाहते. अशा मांडणीला 'पॅच' म्हणतात. खोक्यांचे बरेच प्रकार आहेत, पण आपल्याला दोनच पुरेत. पहिला 'ऑब्जेक्ट' खोका: हा काम करणारा. गुणाकार कर, आवाज वाजव, नावावर आलेला निरोप झेल, असली कामं त्याची. दुसरा 'मेसेज' खोका: हा निरोप्या. त्याच्यात एक मजकूर लिहून ठेवलेला असतो. त्याला टिचकी मारली की तो मजकूर पुढे पाठवतो.

तिच्या डोक्यातली कल्पना चांगली होती. पाऊस, वारा आणि घंटा यांना लागणारी यंत्रणा एकसारखीच: फाइल वाजवा, आवाजी कमीजास्त करा, बंद करा. मग तीनदा कशाला काढायची? तिनं ती एकदाच काढली, 'थर' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आणि मुख्य पॅचमध्ये तीन खोके मांडले: 'थर पाऊस', 'थर वारा', 'थर घंटा'. (इथे सोयीसाठी नावं नि आकडे नागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ती इंग्रजी कीबोर्डवर टाइप केलेली होती.) एक साचा, तीन प्रती. साच्याच्या आत जिथे फाइलचं नाव हवं, तिथे तिनं '$१' लिहिलं. म्हणजे 'थर' या शब्दानंतर जो पहिला शब्द येईल, तो इथे घाल. पहिल्या प्रतीत '$१'च्या जागी 'पाऊस' बसतो, दुसरीत 'वारा', तिसरीत 'घंटा'. यालाच व्हेरिएबलच्या जागी मूल्य घालणं म्हणतात. शाळेत क्षच्या जागी ५ घालायचो, तेच.

पहिली अडचण तिला लगेच कळली आणि तिनं ती स्वतःच सोडवली. प्रत्येक थरात 'आवाजी' या नावानं निरोप झेलणारा एक खोका होता. पीडीमध्ये असं नाव साऱ्या गावाला ऐकू जातं. एका थरातली पट्टी सरकवली की तिन्ही थरांची आवाजी बदलायची. चाळीच्या चौकात उभं राहून "अहो!" म्हणून हाक मारली तर तीन खिडक्यांतून तीन डोकी बाहेर यावीत, तसं.

त्यावरचा उपाय पीडीतच आहे: '$०'. प्रत्येक पॅच उघडताना पीडी त्याला एक क्रमांक देतो, साधारण हजाराच्या पुढचा, आणि तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ऑब्जेक्ट खोक्यात '$०-आवाजी' लिहिलं की पहिल्या प्रतीत ते समजा '१००३-आवाजी' होतं, दुसरीत '१००४-आवाजी', तिसरीत '१००५-आवाजी'. म्हणजे आता प्रत्येक हाकेला आडनाव लागलं. पट्ट्या आपापल्या थरापुरत्या चालू लागल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग तिला 'शांत' बटण हवं झालं. तिनं प्रत्येक थरात एक मेसेज खोका टाकला आणि त्यात लिहिलं: '; $०-आवाजी ०'. पीडीच्या भाषेत आधी अर्धविराम घातला की निरोप तारेतून न जाता थेट त्या नावाकडे जातो. अर्थ स्पष्ट होता: माझ्या थराची आवाजी शून्य कर. तिनं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

पत्रिका आणि पाटी

का झालं नाही, ते कळायला पीडी बाजूला ठेवून दोन ओळखीच्या वस्तू घेऊ.

एक, लग्नपत्रिका. छापखान्यात नमुना तयार असतो: वराचं नाव, वधूचं नाव, तारीख, कार्यालय, सगळ्या जागा मोकळ्या. छापताना त्या भरल्या जातात. एकदा छापली की पत्रिका कुणीही, केव्हाही वाचो, तारीख तीच राहते.

दुसरी वस्तू, किराणा दुकानातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी. पाटी दहा वर्षांपूर्वी रंगवलेली असली तरी तिच्यातला 'आज' रंगवणाऱ्याचा आज नसतो. वाचणारा ज्या दिवशी समोर उभा राहील, तो दिवस त्या शब्दात भरला जातो. म्हणून तर उधारीचा उद्या कधी उजाडत नाही.

दोन्हीकडे मोकळी जागा आहे. पण एकीकडे ती तयार होताना भरली जाते आणि दुसरीकडे वापरताना.

पीडीतला ऑब्जेक्ट खोका ही पत्रिका आहे. पॅच उघडतो, खोका तयार होतो, त्याच क्षणी '$१' आणि '$०' यांच्या जागी मूल्यं बसतात. नंतर ती बदलत नाहीत. मेसेज खोका मात्र पाटी आहे. त्याच्यातल्या '$१'चा अर्थ 'थर या शब्दानंतरचा पहिला शब्द' असा नाहीच. तिथे '$१' म्हणजे 'आत्ता वरून तारेनं जे आलं, त्यातली पहिली गोष्ट'. वरून ७ आले तर ७, थोड्या वेळानं ९ आले तर ९. चिन्ह तेच, भरणारा वेगळा आणि वेळही वेगळी.

मग मेसेज खोक्यातल्या '$०'चं काय? वरून आलेल्या निरोपात पहिली गोष्ट असते, दुसरी असते. शून्यावी गोष्ट नसते. पीडीचा कोड वाचला तर तिथे काय घडतं ते दिसतं. '$०' दिसला की पीडी स्वतःला विचारतो: सध्या कोणता पॅच बांधला जातोय? त्याचा क्रमांक दे. खोके तयार होत असताना या प्रश्नाला उत्तर असतं. पण बटण दाबायची वेळ येते तेव्हा बांधकाम कधीच संपलेलं असतं, गवंडी घरी गेलेले असतात. 'कोणताच नाही' असं कळलं की पीडी शून्य हा आकडा देतो. म्हणजे '$०-आवाजी'चं होतं '०-आवाजी'. त्या नावाचा खोका साऱ्या पॅचमध्ये कुठेही नाही. निरोप बिनपत्त्याच्या पाकिटासारखा कुठेच पोचत नाही.

आणि पडद्यावर? पडद्यावर मेसेज खोक्यात '$०-आवाजी' असंच लिहिलेलं दिसत राहतं. शेजारच्या ऑब्जेक्ट खोक्यातही तेच. डोळ्यांनी शंभर वेळा ताडून पाहिलं तरी दोन्ही अक्षरशः सारखे. ती तीन दिवस स्पेलिंग तपासत होती, ते याच कारणानं. स्पेलिंगमध्ये चूक नव्हतीच.

तक्रार गेली, चूक राहिली

तालमीत नेमकं काय झालं, ते आता सांगतो. पीडीची एक वेगळी खिडकी असते, तिला कन्सोल म्हणतात. प्रोग्रॅमला काही खटकलं की तो तिथे लिहितो. तिची ही खिडकी दुसऱ्या खिडक्यांच्या मागे दडलेली होती. ती पुढे आणल्यावर तिला इंग्रजीत एक ओळ दिसली: '०-आवाजी' नावाचं ऑब्जेक्ट नाही. तिनं अगदी स्वाभाविक काम केलं. नाही ना, मग करते तयार. थराच्या साच्यात तिनं निरोप झेलणारा आणखी एक खोका टाकला आणि त्याला नाव दिलं '०-आवाजी'. बटण दाबलं, पाऊस थांबला. कन्सोल गप्प झाला. ती खूश झाली.

पण साचा एक, प्रती तीन. तिन्ही प्रतींत आता '०-आवाजी' नावाचा खोका होता. आडनाव लावून वेगळ्या केलेल्या हाका पुन्हा चौकातल्या "अहो!"वर येऊन पडल्या. घरी तिनं एका वेळी एकच थर वाजवून पाहिला होता, त्यामुळे ते कळलं नाही. सभागृहात तिन्ही एकदम वाजत होते आणि घंटेचं बटण दाबताच तिघांनी मान खाली घातली.

पहिली चूक पीडीनं निदान बोलून दाखवली होती. दुसरीबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. निरोप पाठवला, तो पोचला, सगळं नियमात बसतं. तो भलत्या घरीही पोचला, हे त्याला कळणार कसं? कोणतीही तक्रार बंद करण्याआधी ती का होती हे विचारावं, एवढा धडा मी तरी यातून घेतला. दिवा लागला म्हणून बल्बच काढून टाकणारे आपण सगळेच असतो.

आणखी एक विसंगती जाता जाता सांगतो. मेसेज खोक्यात '$२' लिहिलं आणि वरून एकच गोष्ट आली, तर पीडी कन्सोलवर तक्रार करतो. पण ऑब्जेक्ट खोक्यात '$२' लिहिलं आणि प्रत मांडताना दुसरा शब्द द्यायचा राहिला, तर तो मुकाट्यानं शून्य धरतो. मोकळी जागा भरायला काही नसलं तर एकीकडे आरडाओरडा, दुसरीकडे शांतता. नवख्या माणसानं हे कुठून ओळखायचं?

उपाय दोन ओळींचा

उपाय सोपा आहे, आणि एकदा पत्रिका-पाटीचा फरक कळला की स्वतःलाही सुचतो. मेसेज खोक्याला स्वतःच्या पॅचचा क्रमांक माहीत नाही, पण ऑब्जेक्ट खोक्याला आहे. मग ऑब्जेक्टनं तो निरोपातून पाठवावा.

बटण आणि मेसेज यांच्यामध्ये एक ऑब्जेक्ट खोका ठेवायचा: 'फ्लोट $०'. हा फक्त एक आकडा जपून ठेवतो आणि टिचकी मिळाली की पुढे देतो. पॅच उघडतानाच त्याच्या '$०'च्या जागी १००५ बसलेले असतात. आता मेसेज खोक्यात '$०' न लिहिता '; $१-आवाजी ०' असं लिहायचं. बटण दाबलं की वरून १००५ येतात, ते '$१'च्या जागी बसतात आणि निरोप '१००५-आवाजी'कडे जातो. म्हणजे स्वतःच्या घरी. पत्रिकेवरचा पत्ता पाटीला वाचून दाखवला, एवढंच.

दुसरा रस्ता याहून सरळ आहे. मेसेज खोक्यात नुसता ० ठेवायचा आणि त्याची तार 'सेंड $०-आवाजी' या ऑब्जेक्ट खोक्याला जोडायची. पत्ता लिहायचं काम ऑब्जेक्टकडे, मजकूर मेसेजकडे. तिनं हाच रस्ता घेतला. '०-आवाजी'वाला खोका काढून टाकला आणि तीन मिनिटांत काम झालं.

एक सावधगिरी मात्र हवी. वेगळ्या फाइलीतून आणलेल्या प्रत्येक प्रतीला स्वतःचा '$०' मिळतो. पण त्याच पॅचच्या पोटात पसारा आवरण्यासाठी केलेल्या उप-पॅचला वेगळा क्रमांक मिळत नाही, तो आईबापांचाच वापरतो. म्हणजे वेगळं घर केलं तर वेगळा घर नंबर. घरातच पडदा लावून खोली केली तर नंबर तोच.

मग याला बग म्हणायचं का?

जाणकार म्हणतील, हा बग नाही. ज्यानं नियम वाचले त्याला ते माहीत असतं. बरोबर आहे. पण एक गोष्ट पाहा. मूळच्या मॅक्समध्ये या दोन कामांना दोन वेगळी चिन्हं आहेत: प्रत तयार होताना भरायच्या जागेला '#१' आणि निरोप येताना भरायच्या जागेला '$१'. तिथे डोळ्यांनाच फरक दिसतो. पीडीत दोन्हीकडे '$' आलं. लिहायला एक चिन्ह कमी झालं, समजायला एक पायरी वाढली.

मग आता बदलून का टाकत नाहीत? कारण पीडीत बांधलेल्या जुन्या रचना अजून वाजवल्या जातात. फिलिप मानुरी यांची पियानो आणि संगणकासाठीची 'प्लुतों' ही १९८८ची रचना पुढे पीडीत आणली गेली. वाद्य बिघडलं तर दुरुस्त करता येतं. प्रोग्रॅमनं एका चिन्हाचा अर्थ बदलला तर रचनाच बदलते. जुन्या लोकांना दिलेला शब्द पाळायचा की नव्यांची वाट सोपी करायची, हा पेच व्याकरणकारांनाही चुकलेला नाही.

दुसरं वातावरण हेच कसं हाताळतं, तेही पाहण्यासारखं आहे. शाळेत ज्यांनी स्क्रॅच केलंय त्यांना आठवेल: नवीन व्हेरिएबल करताना तो विचारतो, हे सगळ्या स्प्राइटसाठी की फक्त या स्प्राइटसाठी? तिथल्या तिथे प्रश्न, तिथल्या तिथे उत्तर. हा एक प्रश्न नसता तर कितीतरी मांजरं एकमेकांचे गुण मोजत बसली असती.

'आपली वही'

आता सर्वनामाकडे येतो. "शामनं रमेशला आपली वही दिली." वही कुणाची? शामची. "शामनं रमेशला त्याची वही दिली." आता बहुधा रमेशची, किंवा तिसऱ्याच कुणाची. 'आपला' हा शब्द वाक्याच्या कर्त्याकडे वळून पाहतो. '$०' म्हणजे पीडीतला 'आपला': मी ज्या पॅचमध्ये आहे, त्याचा.

पण हाच 'आपला' वाक्याबाहेर नुसता उभा केला तर? टेबलावर वही पडली आहे आणि कुणी म्हणालं, "ही आपली वही." बोलणाऱ्याची? ऐकणाऱ्याची? दोघांची? कर्ता नाही, म्हणून शब्द लटकतो. आपण माणसं समोरच्याचा चेहरा पाहून अर्थ भरतो, आणि फारच अडलं तर विचारतो: "कुणाची म्हणालास?" पीडी विचारत नाही. त्याला कर्ता सापडला नाही की तो शून्य लिहितो आणि पुढे जातो.

कोणत्याही प्रोग्रॅममध्ये, फॉर्ममध्ये, किंवा 'प्रिय' या शब्दापुढे आपोआप नाव भरणाऱ्या पत्रात मोकळी जागा दिसली की तीन प्रश्न विचारावेत. ही जागा कोण भरणार? केव्हा भरणार? आणि भरायला काही मिळालं नाही तर काय होणार? तिच्या तीन दिवसांत तिला हे तीन प्रश्न कुणी सांगितले नव्हते. "तुझंच चुकलं असणार" हे मात्र सांगितलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी घंटा वेळेवर थांबली आणि पाऊस सुरू राहिला. शेवटच्या कवितेला तिनं पाऊसही हळूहळू उतरवत नेला. सभागृहाची एक खिडकी कुणीतरी उघडी ठेवली होती, म्हणून बाहेरचा चालूच राहिला. त्याचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही.

तिचा पॅच तिनं मंडळाच्या कॉम्प्युटरवर ठेवला आहे. 'थर' उघडून पाहा. 'सेंड $०-आवाजी'च्या शेजारी तिनं पुढच्यांसाठी मराठीत एक टीप लिहून ठेवली आहे: "इथे मेसेजमध्ये डॉलर शून्य लिहू नका. का, ते मला विचारा."